सायलेन्सरमधून पुन्हा पुन्हा येणारा निळा धूर: इंजिन उघडण्यापूर्वी ऑइल सेपरेटर तपासा

नाशिकहून मुंबईकडे येताना कसारा घाट उतरून गाडी सपाटीला लागली, मी ॲक्सिलरेटर दाबला आणि आरशात दिसणारा मागचा रस्ता निळसर धुराने झाकून गेला. मागच्या ट्रकचालकाने दिवे मारून खूण केली, म्हणून गाडी कडेला घेतली. गाडी २०११ सालची, १.८ लीटर टर्बो पेट्रोल इंजिनाची, तोपर्यंत १,१२,००० किलोमीटर चाललेली. त्यानंतरच्या सव्वा वर्षात हाच धूर तीन वेळा आला. पहिल्या वेळी कार्यशाळेने व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या कडेने ऑइल सिलिंडरमध्ये जाऊ न देणारे रबर) गेल्याचे सांगून हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवले. सील बदलले, धूर सहा आठवडे थांबला आणि परत सुरू झाला. दुसऱ्या वेळी ऑइल सेपरेटर, म्हणजे इंजिनातील वायूतून ऑइलचे थेंब वेगळे करणारा भाग, बदलला; तो आठ महिने टिकला. खरे कारण तिसऱ्या वेळी सापडले, आणि ते शोधायला पारदर्शक नळीचा एक तुकडा आणि थोडे रंगीत पाणी एवढेच साहित्य लागले.

हा सर्व क्रम सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, निळा धूर दिसला की "रिंगा गेल्या" किंवा "टर्बो गेला" हे निदान फार लवकर केले जाते, आणि त्या निदानापोटी मालकाचे मोठे पैसे खर्च होतात. क्रँककेसमधील, म्हणजे क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या खालच्या कप्प्यातील, दाब मोजायला मात्र दहा मिनिटे पुरतात. तो मोजल्याशिवाय हेडचा एकही बोल्ट सैल करू देऊ नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

सेपरेटर नेमके काय करतो

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी ज्वलनाच्या वेळी थोडा वायू त्यांच्या फटींतून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. गॅरेजमध्ये यालाच बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. हा वायू बाहेर काढला नाही, तर क्रँककेसमधील दाब वाढून ऑइल सीलमधून आणि टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून बाहेर फेकले जाते. जुन्या काळी एक ब्रीदर नळी खाली रस्त्याकडे सोडून देत आणि वायू हवेत जात असे. प्रदूषणाच्या कारणाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात हा वायू पुन्हा इंजिनाच्या इन्टेकमध्ये, म्हणजे हवा आत घेण्याच्या मार्गात, नेऊन जाळणे सक्तीचे झाले, आणि पुढे जगभर तीच पद्धत रूढ झाली. अडचण एवढीच की, या वायूबरोबर ऑइलचे अतिसूक्ष्म थेंबही येतात. ते थेंब वेगळे करून खाली ऑइल पॅनमध्ये परत पाठवणे आणि उरलेला वायू इन्टेककडे सोडणे हे सेपरेटरचे पहिले काम.

दुसरे काम कमी लोकांना माहीत असते, आणि बहुतेक बिघाड तिथेच होतो. पेट्रोल इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, चालत असताना थ्रॉटल (हवेची झडप) जवळजवळ बंद असतो आणि इन्टेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ६०० ते ७०० मिलीबारने कमी दाब असतो. एवढी प्रचंड ओढ थेट क्रँककेसला लागली, तर ऑइल अक्षरशः उपसले जाईल. म्हणून सेपरेटरमध्ये रबराचा एक पातळ पडदा आणि त्याखाली स्प्रिंग असते. पडद्याच्या एका बाजूला क्रँककेसचा दाब असतो आणि दुसऱ्या बाजूला, झाकणातील बारीक भोकातून येणारा, बाहेरच्या हवेचा दाब असतो. ओढ वाढली की पडदा सरकतो आणि मॅनिफोल्डकडची वाट अरुंद करतो. जुन्या रचनेच्या अनेक इंजिनांत त्यामुळे क्रँककेसमध्ये केवळ १० ते १५ मिलीबारची सौम्य ओढ राहते, म्हणजे मॅनिफोल्डमधील ओढीच्या चाळीसाव्या ते सत्तराव्या हिश्शाइतकी. काही नव्या टर्बो इंजिनांत ही ओढ मुद्दाम बरीच जास्त, १०० मिलीबारच्या आसपासही, ठेवलेली असते. तेव्हा पुढे दिलेले आकडे आपल्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहणे आवश्यक आहे.

हा पडदा सतत गरम ऑइलच्या वाफेत असतो. काही वर्षांनी रबर कडक होते, कडेला तडा जातो, आणि मग दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. मॅनिफोल्डची ओढ थेट क्रँककेसला लागते, म्हणून ऑइल इन्टेकमध्ये येऊन जळते आणि निळा धूर दिसतो. शिवाय झाकणातील त्या बारीक भोकातून, एअर-फ्लो सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरते, म्हणून हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडल डगमगते आणि इंजिन चेकचा दिवा लागतो. धूर आणि आयडलचा बिघाड बरोबर आले, तर संशयाची पहिली सुई सेपरेटरकडे वळली पाहिजे.

बिघाडाचा दुसरा प्रकार याच्या नेमका उलट असतो. सेपरेटर किंवा त्याची नळी चिकट गाळाने तुंबली, तर ओढ नाहीशी होऊन दाब साठू लागतो. अशा वेळी धुरापेक्षा गळती आधी दिसते: टॅपेट कव्हर ओले होते, क्रँकच्या मागच्या सीलमधून ऑइल ठिबकते, कधी डिपस्टिक आपोआप थोडी वर येते. लहान लहान फेऱ्या मारणाऱ्या, पुरते गरम न होणाऱ्या गाड्यांत हे जास्त आढळते. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्याचे चार महिने रोज दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे ऑइलचे झाकण उघडून पाहावे. आतल्या बाजूला लोण्यासारखा पिवळट थर दिसला, तर तो ऑइल आणि पाणी यांचे मिश्रण असतो, आणि तोच थर सेपरेटरच्या नळीतही बसलेला असण्याचा संभव मोठा. कूलंटची पातळी मात्र त्याच वेळी पाहावी, कारण ती घटत असेल तर प्रश्न हेड गॅस्केटचा असू शकतो.

धुराचा रंग आणि वेळ

रंगावरून पहिली चाळण होते. काळा धूर म्हणजे पेट्रोल किंवा डिझेल जास्त जाते आहे. सेपरेटरशी त्याचा संबंध नाही. पांढरा, लवकर न विरणारा आणि गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट जळते आहे. थंडीच्या सकाळी पहिली काही मिनिटे दिसणारी पांढरी वाफ ही केवळ पाण्याची असते आणि ती निर्दोष आहे. निळसर, डोळ्यांना झोंबणारा, जळक्या ऑइलच्या वासाचा धूर हाच आपला विषय. रंगाबद्दल खात्री नसेल, तर पांढरा कोरा कागद सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर मिनिटभर धरावा: पाण्याचे डाग वाळून जातात, ऑइलचे डाग कागदाला पारदर्शक करून तसेच राहतात.

त्यानंतर धूर कोणत्या वेळी येतो हे पाहावे. रंगापेक्षा ही खूण अधिक बोलकी आहे. व्हॉल्व्ह सील झिजलेली गाडी रात्रभर उभी राहिली, की सकाळी सुरू करताना एक भपकारा सोडते आणि मग स्वच्छ चालते. तिचे आयडल सहसा बिघडत नाही. झिजलेल्या किंवा चिकटलेल्या रिंगांचा धूर इंजिनावर भार पडेल तसा वाढतो, चढावर तो सर्वाधिक दिसतो, आणि ऑइलचे झाकण उघडले तर बॅक कॉम्प्रेशनचे ठोके हाताला जाणवतात. फाटलेल्या पडद्याचा धूर मात्र मॅनिफोल्डची ओढ जेव्हा सर्वांत जास्त असते तेव्हा साठतो, म्हणजे सिग्नलला उभे असताना आणि घाट उतरताना. ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरत असताना ऑइल इन्टेकमध्ये जमा होते, आणि पहिल्यांदा रेस देताच ते एकदम जळून बाहेर पडते.

माझ्या पहिल्या दुरुस्तीतील चूक इथेच झाली. घाट उतरल्यावरचा धूर हे व्हॉल्व्ह सीलचेही प्रसिद्ध लक्षण आहे, कारण तीच ओढ सीलमधूनही ऑइल खेचते. सिग्नलला उभे असताना इंजिनातून येणारी बारीक शिटी आणि मधूनमधून डगमगणारे आयडल मी सांगितले होते, परंतु त्यांचा धुराशी संबंध जोडला गेला नाही. सील बदलताना इन्टेक मॅनिफोल्ड उतरवून धुतला गेला आणि ऑइल नवे भरले गेले, म्हणून धूर सहा आठवडे थांबला. ते यश सीलचे आहे असे आम्ही सर्वांनी समजलो. जुनी सील मी मागून घेतली होती. ती बोटांनी दाबून पाहिली, तर रबर अजून मऊ होते. तेव्हाच शंका यायला हवी होती.

टर्बोबद्दल एक वेगळी कसोटी आहे, आणि ती फार थोड्या ठिकाणी वापरली जाते. इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) नळीत ऑइल दिसले की टर्बोला दोष दिला जातो. परंतु ब्रीदरचा वायू टर्बोच्या आधीच्या नळीत सोडलेला असतो, म्हणून त्या मार्गावर ऑइलचा पातळ थर असणे हे निरोगी गाडीतही स्वाभाविक आहे. टर्बोच्या आधीची आणि नंतरची, अशा दोन्ही नळ्या उघडून स्वच्छ फडक्याने पुसून पाहाव्यात. आधीची नळी कोरडी आणि नंतरची ओली असेल, तर ऑइल टर्बोच्या सीलमधून येते आहे. आधीची नळीच ओली असेल, तर ऑइल ब्रीदरमधून येते आहे आणि टर्बो त्याला केवळ पुढे ढकलतो आहे. टर्बो बदलण्याचा निर्णय या एका पुसण्यावर थांबू शकतो.

तपासणी, ज्या क्रमाने ती करावी

सर्वप्रथम ऑइलची पातळी. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन गरम करून बंद केल्यावर पाच-सात मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. वरच्या खुणेच्याही वर ऑइल असेल, तर फिरणारा क्रँक त्याचा फेस करतो आणि चांगला सेपरेटरही तो फेस अडवू शकत नाही. सर्व्हिसनंतर लगेच धूर सुरू झालेल्या गाड्यांत मी हेच कारण दोन वेळा पाहिले आहे. जास्तीचे ऑइल काढून टाकले की धूर थांबतो. दुसरे काहीही करावे लागत नाही.

पातळी ठीक असेल, तर इंजिन गरम आयडलवर चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडण्याचा प्रयत्न करावा. सैल बाही आणि ओढणी दूर ठेवावी, बेल्टच्या बाजूला हात नेऊ नये. जुन्या रचनेच्या निरोगी इंजिनाचे झाकण सहज उघडते आणि आयडल थोडेसे बदलते. पडदा फाटलेला असेल, तर झाकण आत ओढलेले जाणवते, उघडायला जोर लावावा लागतो, आणि ते सुटताच आधी चालू असलेली शिटी एकदम थांबते. ही शिटी बहुधा झाकणातील भोकातून किंवा क्रँकच्या सीलच्या ओठातून हवा आत ओढली गेल्यामुळे येत असते. झाकण उघडल्यावर तोंडावर पातळ प्लॅस्टिकचा जाड घडी केलेला तुकडा धरला, तर तो किंचित आत वळणे योग्य. घट्ट चिकटून खोल जाणे म्हणजे ओढ जास्त, आणि फुगून वर उचलला जाणे म्हणजे दाब साठतो आहे. तुकडा तळहाताएवढा मोठा आणि मजबूत असावा, कारण तो आत ओढला गेला तर नवेच काम उभे राहते.

सेपरेटर हाताला येण्यासारखा असेल, तर त्याच्या झाकणावरील भोक शोधावे. ते टाचणीच्या डोक्याएवढे असते आणि धुळीखाली सहज दडते. आयडलवर त्यावर बोट ठेवले असता ओढ अजिबात जाणवता कामा नये. माझ्या गाडीत बोटाचे टोक तिथे चिकटले, शिटी थांबली आणि आयडल स्थिर झाले. बोट उचलले की सर्व पूर्ववत. पडदा फाटल्याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नाही.

आता दाब मोजणे. सहा-आठ मिलिमीटर व्यासाची अडीच-तीन मीटर पारदर्शक नळी घेऊन ती फळीवर इंग्रजी यू अक्षराच्या आकारात बांधावी, निम्म्यापर्यंत शाई मिसळलेले पाणी भरावे आणि मागे मोजपट्टी चिकटवावी. ऑइलच्या जुन्या झाकणाला भोक पाडून त्यात नळी बसवणे उत्तम, कारण काही इंजिनांत डिपस्टिकच्या नळीचे खालचे टोक ऑइलमध्ये बुडालेले असू शकते आणि तिथले मोजमाप फसवे ठरते. दोन भुजांमधील पाण्याच्या पातळीत जितक्या सेंटिमीटरचा फरक, तितके जवळजवळ मिलीबार. एक खबरदारी मात्र काटेकोरपणे घ्यावी: पडदा फाटलेला असेल तर ओढ इतकी असते की यूमधील सर्व पाणी क्षणात इंजिनात जाईल. म्हणून इंजिन आणि यू यांच्यामध्ये काचेची रिकामी, घट्ट झाकणाची बरणी जोडावी, म्हणजे पाणी आले तर ते बरणीत पडेल. आणि सुरुवातीला नळी चिमटीत धरून हळूहळू सैल करावी. मी पहिल्या खेपेला चिमूट एकदम सोडली आणि सर्व निळे पाणी बरणीत आले. बरणी नसती तर ऑइल बदलावे लागले असते. ज्या इंजिनात मुळातच १०० मिलीबारच्या आसपास ओढ असते, तिथे ही पाण्याची नळी अपुरी पडते. तिथे व्हॅक्यूम गेज वापरावा.

मोजणी गरम आयडलवर आणि नंतर मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर, अशी दोनदा करावी. जुन्या रचनेत १० ते १५ सेंटिमीटरची स्थिर ओढ दोन्ही वेळा दिसली, तर सेपरेटर आपले काम करतो आहे आणि धुराचे कारण दुसरीकडे शोधावे. पाणी आत धावले तर पडदा फाटला आहे. ओढ शून्य असेल किंवा पाणी उलट्या बाजूला ढकलले जात असेल, तर मार्ग तुंबलेला आहे किंवा बॅक कॉम्प्रेशन सेपरेटरच्या आवाक्याबाहेर गेले आहे. या दोहोंतील फरक नळ्या काढून, फुंकून पाहिल्याने आणि कॉम्प्रेशन मोजल्याने कळतो.

स्कॅनर उपलब्ध असेल, तर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे गाडीचा संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो त्याचे, आकडे पाहावेत. पडदा फाटलेल्या माझ्या गाडीत दीर्घकालीन ट्रिम आयडलवर अधिक १८ टक्के आणि अडीच हजार फेऱ्यांवर अधिक ४ टक्के होता, आणि मिश्रण पातळ असल्याचा पी०१७१ हा कोड नोंदला गेला होता. आयडलवर मोठा आणि वेग वाढला की कमी होणारा ट्रिम ही न मोजलेली हवा आत शिरत असल्याची खूण आहे. फक्त रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेल्या गाडीत असा आकृतिबंध दिसत नाही. पीयूसी चाचणीवर मात्र या बाबतीत विसंबू नये. आयडलवरील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मर्यादेत असूनही पडदा नुकताच फाटू लागलेला असू शकतो.

एवढे सर्व झाल्यावरच कॉम्प्रेशन टेस्टकडे यावे. सिलिंडरांमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक फरक असेल, तर कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वर गेला तर रिंगांचा प्रश्न आहे, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. माझ्या गाडीत चारही सिलिंडर जवळजवळ सारखे होते. हे मोजमाप पहिल्याच भेटीत झाले असते, तर निदान रिंगांची चर्चा तरी तिथेच संपली असती.

नवा सेपरेटर पुन्हा का गेला

दुसऱ्या वेळी सेपरेटर बदलल्यावर धूर थांबला, शिटी गेली, ट्रिम ताळ्यावर आला. आठ महिन्यांनी सर्व लक्षणे परतली. तेव्हा मी स्वस्तातल्या सुट्या भागाला दोष दिला, आणि तो दोष थोडा खराही होता: उघडून पाहिला तर पडद्याचे रबर मूळ भागापेक्षा पातळ आणि फुगीर झालेले होते. ऑइलला टिकणारे रबर महाग असते आणि नकली भागांत पहिली काटछाट तिथेच होते. परंतु फाटण्याची जागा पाहून मन थबकले. जुना, मूळचा पडदा वयामुळे घडीवर फाटला होता, कारण दुमडण्याचा ताण तिथेच असतो. नवा पडदा मात्र कडेच्या खोबणीतून उपटून वरच्या बाजूला उलटला होता. ओढीने पडदा खाली खेचला जातो; तो वर उलटायला खालून दाब यावा लागतो.

हा दाब येण्याची वाट टर्बो इंजिनातच असते. अशा इंजिनात ब्रीदरच्या वायूला दोन रस्ते दिलेले असतात. आयडलवर आणि हलक्या भारावर तो इन्टेक मॅनिफोल्डमध्ये जातो. टर्बो बूस्ट देऊ लागला, म्हणजे हवा दाबून आत ढकलू लागला, की मॅनिफोल्डमध्येच दाब असतो, म्हणून तेव्हा तो टर्बोच्या आधीच्या नळीत जातो. प्रत्येक रस्त्यावर एकमार्गी झडप असते. मॅनिफोल्डकडची झडप उघडी अडकली, तर प्रत्येक वेळी बूस्टचा दाब उलटा सेपरेटरमध्ये आणि तिथून क्रँककेसमध्ये शिरतो. माझ्या गाडीत ही झडप सेपरेटरपासून वेगळ्या, छोट्या नळीत होती, आणि सेपरेटर बदलताना ती तशीच ठेवली गेली होती. नळी काढून दोन्ही टोकांकडून तोंडाने फुंकर मारली, तर हवा दोन्हीकडून आरपार गेली. आतली चकती काळ्या चिकट गाळात तिरकी रुतून बसली होती. एका हाताच्या पंजात मावणाऱ्या या भागाने नवा सेपरेटर खर्ची घातला होता.

म्हणून सेपरेटर पुन्हा गेला, तर तिसरा बसवण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंचा मार्ग तपासावा. एकमार्गी झडपा फुंकून पाहाव्यात: हवा एका दिशेने गेली पाहिजे, दुसऱ्या दिशेने अडली पाहिजे. सेपरेटरमधून ऑइल पॅनकडे जाणारी परतीची नळी असेल, तर तिच्यातून ऑइल ओतून ते खाली उतरते का पाहावे; ती तुंबली की वेगळे झालेले ऑइल सेपरेटरमध्येच साठते आणि एखाद्या वळणावर किंवा उतारावर एकदम इन्टेकमध्ये जाते. फार मोठ्या प्रमाणात गेले, तर ते सिलिंडरमध्ये भरून कनेक्टिंग रॉड वाकवू शकते, त्यामुळे ही नळी दुय्यम समजू नये. सर्व मार्ग मोकळे असूनही सेपरेटर वरचेवर ओला होत असेल, तर बॅक कॉम्प्रेशनच जास्त आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या किंवा कार्बनने चिकटलेल्या आहेत, आणि तेव्हा इंजिनाचे काम खरोखर टळत नाही.

दुरुस्तीनंतरचा धूर

योग्य दुरुस्ती झाल्यावरही धूर लगेच थांबतोच असे नाही, आणि इथे अनेकांचा धीर सुटतो. मॅनिफोल्डच्या तळाशी, इंटरकूलरमध्ये आणि सायलेन्सरच्या नळ्यांत साठलेले ऑइल जळून जायला काही दिवस लागतात. मॅनिफोल्ड उतरवून धुणे आणि इंटरकूलर उलटा करून निथळू देणे शक्य असेल, तर ते करावे. प्लग काढून पाहावेत. ऑइलने काळे झालेले प्लग नव्या पडद्यानंतरही मिसफायर देत राहतात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (सायलेन्सरच्या मार्गातील, विषारी वायू कमी करणाऱ्या भागाची) चिंता मात्र खरी आहे: ऑइलमधील फॉस्फरस त्यातील उत्प्रेरकावर थर धरतो आणि तो थर निघत नाही. निळा धूर "थोडाच आहे" म्हणून महिनोन्महिने गाडी चालवण्याचा खरा खर्च इथे निघतो, कारण कन्व्हर्टर सेपरेटरपेक्षा कितीतरी महाग असतो.

धूर गेला की नाही हे डोळ्यांवर न सोडता डिपस्टिकवर सोडावे. काही उत्पादकांच्या पुस्तिकांत हजार किलोमीटरला अर्धा लीटरपर्यंत ऑइल लागणे मान्य धरलेले असते. ही मर्यादा फार सैल आहे, आणि आधी हजारला शंभर मिलिलीटर घेणारी गाडी एकाएकी चारशे घेऊ लागली, तर ती मर्यादेत असूनही आजारी आहे. टाकलेले प्रत्येक माप आणि त्या वेळचे किलोमीटर वहीत लिहून ठेवावेत.

डिझेल गाडीच्या मालकांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगणे भाग आहे. डिझेल इंजिनात मॅनिफोल्डची अशी ओढ सहसा नसते, म्हणून तिथे फाटलेल्या पडद्याची शिटी ऐकू येत नाही. सेपरेटर निकामी झाला की ऑइलची वाफ टर्बोमार्गे इंटरकूलरमध्ये साठत राहते. ते साठलेले ऑइल एकदम ओढले गेले, तर इंजिन डिझेलऐवजी स्वतःच्या ऑइलवर धावू लागते, फेऱ्या आपोआप वाढत जातात आणि किल्ली बंद केली तरी इंजिन थांबत नाही. अशा वेळी गाडी हातगिअरची असेल, तर ब्रेक पूर्ण दाबून, हँडब्रेक ओढून, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडेल. ते जमले नाही तर सर्वांनी गाडीपासून दूर जावे आणि बॉनेटखाली हात घालू नये. डिझेल गाडीच्या इंटरकूलरच्या खालच्या नळीत पेलाभर ऑइल निघाले, तर ती गाडी सेपरेटर दुरुस्त होईपर्यंत घाटात नेऊ नये.

माझ्या गाडीत तिसऱ्या वेळी मूळ कंपनीचा सेपरेटर, एकमार्गी झडपेची नवी नळी आणि चार प्लग एवढेच बसवले. पहिले चार दिवस सकाळी थोडा धूर आला, पाचव्या दिवसापासून थांबला. त्यानंतर ९,००० किलोमीटर झाले आहेत. या अवधीत एकूण ७०० मिलिलीटर ऑइल टाकावे लागले, आयडलवरील ट्रिम अधिक दोन ते तीन टक्क्यांवर आहे, आणि गेल्या रविवारी यू नळी पुन्हा जोडून पाहिली तेव्हा पाणी ११ सेंटिमीटरवर स्थिर उभे होते. प्रत्येक सर्व्हिसच्या आधी ही मोजणी करायची असे ठरवून फळी गाडीच्या डिकीतच ठेवली आहे.